वासयोग्य ग्रहांची उत्पत्ती

ज्या ग्रहाच्या पृष्ठावर पाणी द्रवरूपात दीर्घकाळ, म्हणजे निदान कोट्यवधी वर्षे, टिकून राहू शकते त्यास वासयोग्य ग्रह म्हणतात. वासयोग्य ग्रह म्हणजे सजीव असलेला ग्रह नव्हे. घर राहण्यासारखे असणे आणि त्यात कोणी राहत असणे या दोन वेगळ्या गोष्टी असून वृत्तपत्रांच्या मथळ्यांत त्यांची गल्लत वारंवार झालेली दिसते. सूर्याखेरीज इतर ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांना बाह्यग्रह म्हणतात. सप्टेंबर २०२५ मध्ये नोंद झालेल्या बाह्यग्रहांची संख्या ६,००० च्या पुढे गेली; तथापि त्यांपैकी एकाच्याही पृष्ठावर द्रवरूप पाणी असल्याचे सिद्ध झालेले नव्हते. त्यामुळे असे ग्रह कसे घडतात या प्रश्नाचे उत्तर अप्रत्यक्ष पुराव्यांवरून जुळवावे लागते. नवजात ताऱ्यांभोवतीच्या तबकड्यांची निरीक्षणे, पृथ्वीवर पडलेल्या अशनींचे रासायनिक विश्लेषण आणि संगणकाच्या साहाय्याने केलेली गणिते हे त्यांतील मुख्य होत.

वासयोग्य पट्टा व त्याच्या मर्यादा : ताऱ्यापासून ज्या अंतरांच्या दरम्यान पृथ्वीसारखे वातावरण असलेल्या ग्रहावर पाणी द्रवरूप राहू शकेल, त्या कंकणाकृती प्रदेशास वासयोग्य पट्टा म्हणतात. जेम्स कास्टिंग व त्यांचे सहकारी यांनी १९९३ मध्ये केलेल्या गणितानुसार सूर्याभोवतीचा हा पट्टा ०.९५ ते १.३७ ज्योतिषशास्त्रीय एकक इतका होता (१ ज्योतिषशास्त्रीय एकक म्हणजे पृथ्वी व सूर्य यांमधील सरासरी अंतर, सु. १५ कोटी किमी.). २०१३ मध्ये रवी कोप्परपू व इतरांनी सुधारलेल्या गणितात तो ०.९९ ते १.६७ असा आला. या दुसऱ्या हिशेबाने पृथ्वी पट्ट्याच्या अगदी आतल्या काठावर येते. यावरून अशा सीमारेषांवर किती भिस्त ठेवावी हे ध्यानात येईल. त्याच हिशेबाने मंगळही पट्ट्याच्या आत पडतो, पण त्याचे पृष्ठ गोठलेले व कोरडे आहे. चंद्र तर सूर्यापासून पृथ्वीइतक्याच अंतरावर असून जवळजवळ निर्वात आहे. अंतरावरून ग्रहाला आज मिळणारी उष्णता समजते. त्याच्या वाट्याला पाणी किती आले, केव्हा आले आणि त्यातील किती उरले, हे मात्र त्याच्या जन्मकाळातील घटनांच्या क्रमावर अवलंबून असते.

तबकडी : तारा व त्याचे ग्रह एकाच द्रव्यापासून जवळजवळ एकाच वेळी निर्माण होतात, ही कल्पना इमॅन्युएल कांट (१७५५) व प्येअर सीमाँ लाप्लास (१७९६) यांच्या तेजोमेघ परिकल्पनेइतकी जुनी आहे [⟶ सूर्यकुल]. आंतरतारकीय वायू व धूळ यांचा थंड ढग स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आकसू लागला की, त्याचा मूळचा मंद परिवलनवेग कोनीय संवेगाच्या अक्षय्यतेमुळे वाढतो. परिणामी बरेचसे द्रव्य सरळ केंद्रात न पडता ताऱ्याभोवती चपट्या तबकडीच्या रूपाने फिरू लागते. चिलीतील आटाकामा वाळवंटात सु. ५,००० मी. उंचीवर उभारलेल्या ६६ आकाशकांच्या ‘आल्मा’ या रेडिओ दूरदर्शक-संचाने २०१४ मध्ये वृषभ तारकासमूहातील एचएल टॉरी या ताऱ्याभोवतीची तबकडी स्पष्टपणे टिपली. तीत एकामागून एक अशी तेजस्वी कडी व त्यांच्यामधील काळपट पोकळ्या दिसून आल्या. तारा जेमतेम दहा लक्ष वर्षे वयाचा असताना तबकडीची अशी विभागणी झालेली असेल, अशी अपेक्षा फारशी कोणी केली नव्हती. ग्रहनिर्मितीस समजले जात होते त्याहून पुष्कळ लवकर प्रारंभ होतो, हा त्याचा सरळ अर्थ आहे. नरतुरंग तारकासमूहातील पीडीएस ७० या सु. ३७० प्रकाशवर्षे दूरच्या ताऱ्याच्या तबकडीतील पोकळीत तर वाढीस लागलेले दोन प्रचंड वायुग्रह २०१८ व २०१९ मध्ये प्रत्यक्ष दिसले. याच तबकडीच्या आतल्या, खडकाळ ग्रह जेथे घडू शकतील अशा भागात पाण्याची वाफ असल्याचे वेब अवकाश दूरदर्शकाने २०२३ मध्ये दाखविले.

तबकडीतील वायू फार काळ टिकत नाही. काही वायू ताऱ्यात पडतो, उरलेला ताऱ्याच्या जंबुपार व क्ष-किरणांनी तापून उडून जातो. तीस लक्ष वर्षांच्या सुमारास निम्म्या ताऱ्यांभोवतीच्या तबकड्या नाहीशा झालेल्या असतात आणि एक कोटी वर्षांनंतर त्या क्वचितच आढळतात. वायुग्रहांना आपली सर्व वाढ या मुदतीतच उरकावी लागते. खडकाळ ग्रहांना तसे बंधन नसते. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

धुळीपासून ग्रहकणांपर्यंत : मूळ धुळीचे कण मिलिमीटरच्या सहस्रांश भागाएवढे किंवा त्याहूनही लहान असतात. ते एकमेकांस चिकटून मिलिमीटर-सेंटिमीटर आकाराचे खडे होतात, येथपर्यंतची वाट प्रयोगशाळेतही पाहता आली आहे. पुढे अडचण येते. तबकडीतील वायूला स्वतःच्या दाबाचा थोडा आधार असल्याने तो घन पदार्थांपेक्षा किंचित मंद गतीने ताऱ्याभोवती फिरतो. त्यामुळे घन पिंडास सतत समोरून वारा लागतो, त्याची गती घटते व तो ताऱ्याकडे सरकू लागतो. १ ज्योतिषशास्त्रीय एकक अंतरावरील मीटरभर आकाराचा दगड या रीतीने शे-दोनशे वर्षांतच ताऱ्यात जाऊन पडेल, असे स्टुअर्ट वायडेनशिलिंग यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले. ग्रह तर झालेले आहेत. तेव्हा निसर्गाने मीटरभर आकाराचा हा टप्पा कोणत्या तरी उपायाने ओलांडलेला असलाच पाहिजे.

तो उपाय अँड्रू यूडिन व जेरेमी गुडमन यांनी २००५ मध्ये सुचविला. खड्यांची एखाद्या ठिकाणी थोडी दाटी झाली की, ते सर्व मिळून भोवतालच्या वायूला आपल्याबरोबर ओढून नेतात, समोरचा वारा मंदावतो व तेथील खडे सावकाश सरकतात. बाहेरून येणारे खडे त्यांत येऊन मिसळतात आणि दाटी आणखी वाढते. अखेर खड्यांचा हा थवा स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने कोसळून दहापासून काही शेकडा किमी. व्यासाचा पिंड एकदम तयार होतो. मधला मीटरभर आकाराचा टप्पा त्याला घ्यावाच लागत नाही. अशा पिंडांना ग्रहकण म्हणतात. नाव कणाचे असले तरी त्यांतील मोठा एखाद्या जिल्ह्याएवढा असतो. १ जानेवारी २०१९ रोजी ‘न्यू होरायझन्स’ हे अवकाशयान नेपच्यूनपलीकडील अ‍ॅरोकॉथ या सु. ३६ किमी. लांबीच्या पिंडाजवळून गेले. त्याचे दोन गोळे एकमेकांस हलकेच टेकून जुळलेले असून जोरदार आघाताची कोणतीही खूण त्यांच्यावर नाही. थव्याच्या कोसळण्यातून पिंड घडतो या मतास त्यामुळे चांगला आधार मिळाला.

ग्रहकणांपासून ग्रहांपर्यंत : ग्रहकणांच्या टकरींतून ग्रह वाढतात, या विचाराची गणिती मांडणी रशियन शास्त्रज्ञ व्हिक्टर साफ्रोनॉव्ह यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केली व ती दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. मोठ्या ग्रहकणांचे गुरुत्वाकर्षण अधिक असल्याने ते लहानांना वेगाने गिळत जातात आणि चंद्र ते मंगळ एवढ्या आकाराची ग्रहबीजे तयार होतात. वायूतून सरकत येणारे खडेही ही बीजे टिपून घेतात व त्यामुळे वाढ पुष्कळ जलद होऊ शकते, असे २०१० नंतरच्या संशोधनातून पुढे आले आहे. पृथ्वीच्या वाढीत या दोन प्रकारांचा वाटा किती, यावर एकमत नाही. मंगळ काही लक्ष ते काही दशलक्ष वर्षांतच जवळजवळ पूर्ण झाला होता, असे अशनींतील समस्थानिकांवरून दिसते. म्हणजे तो वाढ खुंटलेले ग्रहबीजच म्हटला पाहिजे. पृथ्वीस मात्र सु. ३ ते १० कोटी वर्षे लागली. वायू संपल्यावर ग्रहबीजांच्या कक्षा एकमेकींस छेदू लागल्या व त्यांच्या प्रचंड टकरी झाल्या. त्यांतील अखेरच्या मोठ्या टकरीतून चंद्र निर्माण झाला, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.

पाण्याचा पुरवठा : या विषयातील सर्वांत कठीण व सर्वांत निर्णायक प्रश्न हाच आहे. तबकडीत ताऱ्यापासून ज्या अंतरावर तापमान सु. −१००° से. इतके उतरते, तेथून पुढे पाण्याचा बर्फ टिकतो. या सीमेस हिमरेषा म्हणतात. सूर्यकुलात ती २.७ ज्योतिषशास्त्रीय एककांच्या आसपास, म्हणजे आजच्या लघुग्रहांच्या पट्ट्यात होती, असे सर्वसाधारणपणे धरले जाते. यातून एक विरोधाभास निर्माण होतो. ज्या अंतरावर पुढे पाणी द्रवरूप राहणार असते, त्या अंतरावर ग्रह घडत असताना पाणी घनरूपात मिळतच नाही. आणि बर्फ जेथे विपुल असतो तेथे पृष्ठावरचे पाणी गोठून जाते. म्हणून वासयोग्य ग्रहाला आपले पाणी बहुधा दुरून आणावे लागते.

पृथ्वीवरील सर्व महासागरांचे वस्तुमान पृथ्वीच्या वस्तुमानाच्या अवघे ०.०२३ टक्के आहे (प्रावरणातील खडकांत मुरलेले पाणी यात धरलेले नाही). हिमरेषेपलीकडील पिंडांत याच्या कित्येक शेकडा पट पाणी असते. पृथ्वी हा ‘जलग्रह’ असल्याचे नेहमी सांगितले जाते. पण विश्वातील पाण्याच्या मानाने तो ओलसर दगडच आहे, आणि त्याचे ओलसर असणे हीच त्याच्या वासयोग्यतेतील खरी किमया आहे. पाणी थोडे कमी असते तर वाळवंट झाले असते. पुष्कळ अधिक असते तर शेकडो किमी. खोल महासागराच्या तळाशी दाबाखालील बर्फाचा थर जमून खालचा खडक व वरचे पाणी यांचा संबंधच तुटला असता.

हे पाणी कोठून आले याचा शोध हायड्रोजनाच्या जड समस्थानिकावरून, म्हणजे ड्यूटेरियमावरून घेतात. पृथ्वीवरील सागरी पाण्यात हायड्रोजनाच्या सु. ६,४०० अणूंमागे ड्यूटेरियमाचा एक अणू असतो. ‘रोझेटा’ या यानाने २०१४ मध्ये पाहिलेल्या ६७पी या धूमकेतूवरील पाण्यात हे प्रमाण जवळजवळ तिप्पट आढळले. म्हणून सगळे पाणी अशा धूमकेतूंनी आणले हे मत मागे पडले. कार्बनयुक्त अशनींतील पाण्याचे प्रमाण पृथ्वीच्या पाण्याशी बरेच जुळते. २०२० मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी असेही दाखविले की, कोरड्या समजल्या जाणाऱ्या एन्स्टॅटाइट अशनींतही पुरेसा हायड्रोजन असून पृथ्वी तशाच द्रव्याची झाली असल्यास आजच्या महासागरांच्या निदान तिप्पट पाणी तिला मुळातच मिळू शकले असते. तसे असेल तर दुरून पाणी आणण्याची गरज उरत नाही, किंवा पुष्कळच कमी होते. हा वाद मिटलेला नाही. मृग तारकासमूहातील व्ही ८८३ या नवजात ताऱ्याच्या तबकडीतील पाण्याचे ‘आल्मा’ने मोजलेले ड्यूटेरियम-प्रमाण (२०२३) मात्र एक गोष्ट स्पष्ट करते. तबकडीतील बरेचसे पाणी मूळ ढगातून जसेच्या तसे आलेले असते, म्हणजे ते स्वतः ताऱ्याहूनही जुने असते. त्यामुळे पाण्याचा कच्चा माल प्रत्येक ग्रहकुलाजवळ असतो, हे जवळजवळ निश्चित झाले आहे. तो ग्रहाच्या योग्य जागी पोहोचतो की नाही एवढेच पाहावयाचे राहते.

हे पोहोचणे दोन गोष्टींवर अवलंबून असल्याचे दिसते. पहिली म्हणजे वायुग्रहाची वेळ. लोखंडी व इतर अशनींतील मॉलिब्डेनम, टंगस्टन इत्यादींच्या समस्थानिकांवरून सूर्यकुलातील द्रव्याचे आतले व बाहेरचे असे दोन गट पहिल्या सु. दहा लक्ष वर्षांतच वेगळे झाले होते, असे २०१७ मध्ये दाखविण्यात आले. गुरूचा गाभा इतक्या लवकर वाढला व त्याने बाहेरून येणारे ओले खडे अडवून धरले, असा त्याचा एक अर्थ लावतात. मग गुरूनेच पुढे आपल्या आकर्षणाने काही ओले लघुग्रह आत फेकले. एकाच ग्रहाने आधी बांध घातला व नंतर त्यातून पाट काढला, असे हे चित्र आहे. बांध गुरूचाच होता की तबकडीतील दाबाच्या फुगवट्याचा, याविषयी मतभेद आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे अ‍ॅल्युमिनियम-२६ हे किरणोत्सर्गी समस्थानिक. याचे अर्धायुष्य सु. ७ लक्ष २० हजार वर्षे असून आज ते सूर्यकुलात मूळच्या स्वरूपात उरलेले नाही; त्याच्या क्षयाने होणारे मॅग्नेशियम-२६ हीच त्याची खूण होय. १९६९ साली मेक्सिकोत पडलेल्या अ‍ॅलेंडे अशनीत ही खूण १९७६ मध्ये निश्चितपणे ओळखण्यात आली. या समस्थानिकाच्या उष्णतेने एखादा संपूर्ण पिंड वितळला असेल काय, याविषयी महत्त्वाचा पुरावा भारतातून मिळाला. राजस्थानातील पाली जिल्ह्यात १९९६ मध्ये पडलेली पिपलिया कलाँ ही अशनी एका वितळून थिजलेल्या लघुग्रहाचा तुकडा आहे. तिच्यात अ‍ॅल्युमिनियम-२६ च्या क्षयाची खूण असल्याचे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील जी. श्रीनिवासन, जे. एन. गोस्वामी व एन. भंडारी यांनी १९९९ मध्ये सिद्ध केले. लवकर घडलेल्या ग्रहकणांतील बर्फ या उष्णतेने वितळून वाफ होऊन निघून जातो व ते कोरडे होतात. अ‍ॅल्युमिनियम-२६ प्रचंड ताऱ्यांत तयार होते. तेव्हा ज्या ग्रहकुलाचा जन्म अशा ताऱ्यांपासून दूर झाला, त्याचे ग्रहकण ओलेच राहून ग्रह खोल सागरांखाली बुडण्याचा संभव आहे, असे २०१९ मधील गणितांवरून दिसते. पृथ्वीचा ओलसरपणा काही अंशी सूर्याच्या शेजाऱ्यांनी ठरविला, असा त्याचा अर्थ होईल.

वातावरण : तबकडीत वायू असतानाच ग्रह बराच मोठा झाला, तर तो हायड्रोजनाचे जाड आवरण धरून ठेवतो. पृथ्वीच्या सु. १.६ पटींहून अधिक त्रिज्येचे बहुतेक ग्रह निव्वळ खडकाळ नसतात, असे त्यांच्या घनतेवरून आढळले आहे. सावकाश, वायू गेल्यानंतर पूर्ण होणारे ग्रह या संकटातून सुटतात. त्यांचे वातावरण तप्त शिलारसातून बाहेर पडलेली वाफ, कार्बन डाय-ऑक्साइड व नायट्रोजन यांचे बनते. पुढे ज्वालामुखी कार्बन डाय-ऑक्साइड सोडतात, पावसाने झिजणारे खडक तो शोषून चुनखडीत बांधतात, आणि हवा थंड झाली की झीज मंदावून वायू पुन्हा साठतो. हे नियमन वॉकर, हेझ व कास्टिंग यांनी १९८१ मध्ये मांडले. आरंभी सूर्य आजच्यापेक्षा सु. ३० टक्के मंद असूनही पृथ्वी कायमची गोठली नाही, याचे ते मुख्य स्पष्टीकरण आहे. शुक्रावर पाणी न उरल्याने हे चक्र चालले नाही; तेथील पृष्ठाचे तापमान सु. ४६०° से. व दाब पृथ्वीच्या सु. ९२ पट आहे.

ट्रॅपिस्ट-१ : वरील विचारांची आजवरची सर्वांत चांगली कसोटी कुंभ तारकासमूहातील या सु. ४० प्रकाशवर्षे दूरच्या ताऱ्याने पुरविली आहे. हा तांबडा खुजा तारा गुरूहून थोडाच मोठा असून त्याचे वस्तुमान सूर्याच्या सु. ९ टक्के आहे. मीखाएल झीयाँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ व २०१७ मध्ये त्याभोवती पृथ्वीसारख्या आकाराचे सात ग्रह शोधले. त्यांचे आवर्तकाल १.५ ते १८.८ दिवस असून सर्व कक्षा बुधाच्या कक्षेत सहज सामावतील. शेजारच्या ग्रहांचे आवर्तकाल ८:५, ५:३, ३:२, ३:२, ४:३ व ३:२ अशा साध्या प्रमाणांच्या जवळ आहेत. अशी अनुस्पंदनाची साखळी तबकडीतील वायूमुळे ग्रह बाहेरून हळूहळू आत सरकले असतील तरच सहजी जुळते. ते हिमरेषेच्या बाजूने आले असतील तर ओले असावयास हवेत; पण त्यांच्या घनतेवरून पाणी थोडे की लोह कमी, हे ठरविता येत नाही.

यातील तीन ग्रह आज वासयोग्य पट्ट्यात गणले जातात. परंतु इतक्या लहान ताऱ्यास स्थिर अवस्थेत येण्यास सु. शंभर कोटी वर्षे लागतात (सूर्यास सु. पाच कोटी वर्षे लागली) आणि तोवर तो आजच्यापेक्षा पुष्कळ तेजस्वी असतो. म्हणजे आज सुखद वाटणाऱ्या अंतरावरील ग्रह आपली पहिली कोट्यवधी वर्षे भट्टीत काढतात. त्या काळात त्यांचे पाणी वाफ होऊन वर जाते, जंबुपार किरणांनी फुटते व हायड्रोजन अवकाशात निसटतो. वेब दूरदर्शकाच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत सर्वांत आतल्या बी या ग्रहाच्या दिवसाकडील बाजूचे तापमान सु. २३०° से. आढळले व तेथे वातावरण असल्याची खूण मिळाली नाही; सी वर शुक्रासारखे दाट वातावरण नसल्याचे दिसले. डी वर पृथ्वीसारखे वातावरण नाही, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. पट्ट्यातील ई या ग्रहाविषयी त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चार अधिक्रमणांच्या निरीक्षणांवरून निर्णय होऊ शकला नाही, कारण ताऱ्यावरील डागांचा परिणाम वर्णपटात मिसळतो. या एका ग्रहाच्या निकालास मोठे महत्त्व आहे. आकाशगंगेतील सु. ७० टक्के तारे तांबडे खुजे आहेत. त्यांच्याभोवतीचे ग्रह वातावरण टिकवू शकत नसतील, तर वासयोग्य ग्रहांच्या संख्येचे जे मोठमोठे अंदाज केले जातात त्यांचा बराच भाग वजा करावा लागेल.

सूर्यासारख्या ताऱ्यांभोवतीचे, वर्षाच्या आवर्तकालाचे पृथ्वीएवढे ग्रह शोधणे मात्र फार कठीण आहे. असा ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचे तेज जेमतेम ०.००८ टक्के घटते, तेही वर्षातून एकदा सु. १३ तास, आणि कक्षेचा कल सोयीचा असून असे अधिक्रमण दिसण्याची शक्यता सु. २१५ ताऱ्यांत एक इतकीच असते. ताऱ्याच्या डुलण्यावरून शोध घ्यावयाचा तर सेकंदाला ९ सेंमी. वेगाचा फरक मोजावा लागतो. हा वेग रांगणाऱ्या मुलापेक्षाही कमी आहे.